खालच्या कुरणातले दगड

३ मार्च, मंगळवार

कामाची नोंदवही वेगळी आहे, ती कंपनीची. त्या वहीत न मावणाऱ्या गोष्टी इथे लिहायच्या ठरवलंय. ही वही मी कुणाला दाखवणार नाही.

दुपारी किल्डूनाला पोचले. गाव लहान आहे. गाडी उभी करून सामान उतरवेपर्यंत तीन खिडक्यांचे पडदे हलले. मुक्काम फिलोमिना स्कॅहिल यांच्याकडे. वय साठीच्या आसपास, घर स्वच्छ, प्रश्न फार. मी डब्लिनची का? टियरनी म्हणजे मूळ कुठले टियरनी? माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

जुन्या वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना राबवून पोसायच्या सरकारी घराच्या, मागे दोन कुरणं आहेत. वरच्या कुरणात तिथे मेलेल्यांना पुरायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या कुरणात कौन्सिलला दवाखान्याचा वाहनतळ करायचाय. जमिनीखाली काय आहे ते रडारने पाहून मी अहवाल द्यायचा. थडगी नाहीत असं मी लिहिलं, तर सव्वीस तारखेला खोदायची यंत्रं येतील.

कौन्सिलचे इंजिनिअर फिंटन क्रीडी फाटकाशीच भेटले. हात हलवत म्हणाले, "खाली काही नाही, मिस टियरनी. तेवढं कागदावर आलं की झालं."

उत्तर आधीच माहीत असलेला माणूस प्रश्न विचारायला मला का बोलावतो, हे लक्षात ठेवायला हवं.

५ मार्च, गुरुवार

वरचं कुरण संपलं. चित्र स्पष्ट आहे. रांगा सरळ, खड्डे पावणेदोन मीटर लांब, डोकी पश्चिमेला. दिशा नेमकी पूर्व-पश्चिम नाही, सात अंश उत्तरेकडे कललेली. वर्कहाऊसच्या भिंतीला समांतर पुरलं असणार.

मध्यभागी स्मारक समितीचा काळा दगड आहे. "विस्मृतीत गेलेल्या गोरगरिबांस." खाली बावीस नावं. मृतांची असतील असं वाटलं होतं, पण ती देणगीदारांची आहेत. फिलोमिना समितीच्या सचिव आहेत, त्यांचं नाव तिसरं.

काम चालू असताना एक म्हातारा भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. डोक्यावर टोपी, अंगात तीन स्वेटर एकावर एक.

"बाबागाडी घेऊन फिरतेयस सकाळपासून," तो म्हणाला. "बाळ कुठाय?"

रडार चाकांवर ढकलावा लागतो, त्यामुळे हा विनोद मी वर्षातून दहा वेळा ऐकते. "मापं घेतेय," मी म्हटलं.

"खालीसुद्धा नेणार?"

"सोमवारी."

"नीट दिसतं का त्याला?"

"वरची जमीन स्वच्छ असली की नीट दिसतं." वाद टाळायला मी हेच सांगते. ऐकणाऱ्याचं समाधान होतं.

त्याने हे फार मन लावून ऐकलं. एवढं मन लावून कुणी ऐकलं की मी सावध होते. नाव मॉसी गिलहूली, वय चौऱ्याऐंशी. भिंतीपलीकडचं घर त्याचं.

रात्रीच्या जेवणाला फिलोमिनाबाईंना विचारलं, गावातल्या कुणाकुणाचे पूर्वज वर्कहाऊसमध्ये होते?

"आमच्या गावातले? छे! बाहेरून यायचे सगळे. डोंगरापलीकडचे." बटाटे वाढता वाढता थांबल्या. "तुझ्या त्या यंत्रात नावं नाही ना गं दिसत?"

नाही म्हटल्यावर त्यांनी मला एक बटाटा जास्त वाढला.

९ मार्च, सोमवार

खालचं कुरण. कौन्सिलने ट्रॅक्टर लावून गवत कापून घेतलंय, त्याखाली शेवाळाचा जाड थर. वर काहीही दिसत नाही. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, चौकटी आखल्या.

रडारची मांडणी नेहमीची, कंपनीने दफनभूमीसाठी ठरवलेली. १.२ मीटरपेक्षा लहान खुणा संगणक आपणच गाळतो. नाहीतर सशांची बिळं, मुळं, दगडगोटे सगळं थडगं म्हणून मोजलं जातं.

पहिल्या चार चौकटी रिकाम्या.

१० मार्च, मंगळवार

कुणीतरी माझ्या कामात हात घालतंय.

सकाळी साडेआठला पोचले. उत्तरेच्या कोपऱ्यात सात पांढरे दगड. गारगोटी, प्रत्येक मुठीएवढा. काल तिथे काही नव्हतं, माझ्याकडे फोटो आहेत. दगड ओले, लख्ख. शेवाळ नाही, दगडफूल नाही. भोवतीची माती नुकतीच उकरलेली. बोट लावलं की दगड हलतो. जुना दगड असा नसतो.

टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीची तिपाईवरची दुर्बीण, लावून प्रत्येकाची जागा सेंटिमीटरपर्यंत नोंदवली, फोटो काढले, क्रमांकाची चिकटपट्टी लावली आणि बादलीत टाकले. वरचा अडथळा काढल्याशिवाय रडार सरळ फिरत नाही.

वाहनतळ होऊ नये म्हणून कुणीतरी खोटी थडगी मांडतंय, याशिवाय दुसरं कारण सुचत नाही.

११ मार्च, बुधवार

आणखी नऊ. कालच्या ओळीच्या पुढे दुसरी ओळ.

मॉसी भिंतीशी होता. पँटचे गुडघे चिखलाने माखलेले, बोटं थंडीने लाल, खिशातून घासायच्या ब्रशचा दांडा बाहेर आलेला. मी सरळ विचारलं.

"हे दगड तुम्ही ठेवलेत?"

"मी? मी नाही ठेवले."

"मग कुणी?"

"तू यंत्रवाली बाई. यंत्राला विचार की." मग बादलीकडे बघून म्हणाला, "ते उचललेस होय?"

"नोंद करून उचलले."

"नोंद केलीस? एकेकाची?"

"एकेकाची. सेंटिमीटरपर्यंत."

त्याने टोपी काढली, परत घातली. "कागदावर?"

"संगणकात. कागदावरही येईल."

"मग परत जागच्या जागी जातील ना?"

"काम संपलं की बघू."

"मग बरं," म्हणाला. एखादं मोठं काम मार्गी लागल्यासारखा चेहरा करून घरी गेला.

पकडला गेलेला माणूस असा खूश होत नाही. आपली बनवाबनवी सरकारी कागदावर चढावी, हेच त्याला हवंय की काय?

१२ मार्च, गुरुवार

तिसरी ओळ, आठ दगड. मोजणी अशीच चालू ठेवली.

फिलोमिनाबाई न्याहारीला म्हणाल्या, "मॉसीच्या नादी लागू नकोस हो. चांगला आहे, पण एकटा राहून राहून तसला झालाय." आणि आवाज खाली आणून, घरात आम्ही दोघीच असताना, "त्याची आई हाऊसमध्ये धुणं धुवायची म्हणतात. म्हणजे आतलीच होती. त्याच्यासमोर बोलू नकोस."

गावात वर्कहाऊसला नुसतं हाऊस म्हणतात. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको एकीकडे, पोरं तिसरीकडे, आणि पेजेच्या वाटीसाठी दिवसभर राबायचं. हे स्मारक समितीच्या पुस्तिकेत आहे. कोण आत गेलं, हे मात्र पुस्तिकेत नाही.

बाईंनी ही माहिती मला का दिली?

१३ मार्च, शुक्रवार

चौथी ओळ, नऊ. एकूण तेहेतीस. सत्तावीस क्रमांकाचा दगड बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत आहे, वर्षानुवर्षं हात फिरल्यासारखा. कारण कळलं नाही. नोंद केली.

क्रीडी आले. दगडांचं ऐकून खूश झाले, आणि ते त्यांना लपवता आलं नाही.

"मॉसी! अहो, त्याची गाय चरते इथे. फुकटचं कुरण जाईल म्हणून चाललंय सगळं. लिहा तसं."

"गाईबद्दल मी लिहिणार नाही. दगडांबद्दल लिहीन."

"लिहा की. अलीकडे ठेवलेले, मुद्दाम ठेवलेले. शब्द तुमचे."

शब्द त्यांचेच होते. तोंडात शब्द घालणाऱ्या माणसाचा मला राग येतो. पण पुरावा तोच सांगतोय: शेवाळ नाही, माती ताजी, खाली रडारला काही नाही. राग हा पुरावा नव्हे.

गाय मी पाहिली. म्हातारी आहे, फारशी चरतही नाही.

१६ मार्च, सोमवार

पाचवी ओळ, नऊ.

क्रीडींना घाई असल्यामुळे अंतरिम अहवाल आज पाठवला. त्यातली दोन वाक्यं इथे उतरवते: "खालच्या कुरणात दफनाच्या खुणा आढळल्या नाहीत. पृष्ठभागावरील पांढरे दगड अलीकडे आणि हेतुपुरस्सर ठेवलेले आहेत."

पाठवल्यावर बरं वाटायला हवं होतं.

१७ मार्च, मंगळवार

सेंट पॅट्रिकचा दिवस, देशभर सुट्टी, काम बंद. मिरवणूक पाहिली. बँडच्या मागे स्मारक समितीचा सजवलेला ट्रक होता. त्यावर शाळेतली मुलं फाटके कपडे घालून, गालांना काजळी फासून वर्कहाऊसचे गरीब झाली होती. फिलोमिनाबाई मोठ्या पातेल्यातून त्यांना खोटी पेज वाढत होत्या. एका मुलीच्या पायांत झगमगते बूट तसेच राहिले होते. लोक टाळ्या वाजवत होते.

मॉसी औषधांच्या दुकानापाशी उभा होता. ट्रक आला तशी त्याने टोपी काढली. मग मला पाहून जवळ आला.

"या गावातलं कुणीच हाऊसमध्ये नव्हतं," तो म्हणाला. "ठाऊक आहे ना तुला? मग शंभर वर्षं आत होतं तरी कोण? भुतं?"

उत्तराची वाट न पाहता निघून गेला. तो मला आपल्या बाजूला ओढू पाहतोय, अशी नोंद करते.

१९ मार्च, गुरुवार

काल दहा, आज नऊ. एकूण एकसष्ट. आजचे नोंदवून झाल्यावर सामान बांधायला घेतलं.

पद्धत म्हणून सगळ्या दगडांच्या जागा एका नकाशावर टाकल्या. दोन तास झाले, त्या नकाशापासून उठता आलेलं नाही.

दगडांमधलं अंतर सरासरी नव्वद सेंटिमीटर, फरक पाचापेक्षा जास्त नाही. सात ओळी, सगळ्या समांतर. आणि ओळींची दिशा पूर्व-पश्चिमेपासून सात अंश उत्तरेकडे. वरच्या कुरणातल्या थडग्यांइतकीच.

चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पहाटेच्या अंधुक उजेडात, गुडघ्यांवर, दोरी न लावता असं करू शकत नाही. मला दोरी लावूनही कष्ट पडतील. आधी वाटलं, फिलोमिनाबाई सामील आहेत. समितीकडे जुना नकाशा असेल.

मग गाडीत जाऊन बादल्या ओतल्या. दगड आता वाळलेत. वरून पांढरे, पण उलटे केले की खालचे दोन तृतीयांश तांबूस, घासूनही न गेलेले. प्रत्येकावर पांढरा आणि तांबूस वेगळे करणारी रेघ आहे. मातीतलं लोखंड गारगोटीत एवढं उतरायला काही पिढ्या लागतात. मी प्रत्येक दगडाचा फोटो काढला होता. वरून.

म्हणजे ते ठेवलेले नव्हते. शेवाळाखाली होतेच. कुणीतरी एकेक काढून, घासून, धुऊन परत त्याच खाचेत बसवला.

गाळणी काढून मूळ मोजमाप पुन्हा उघडलं. खुणा आहेत. साठ, सत्तर, नव्वद सेंटिमीटर लांबीच्या. प्रत्येक दगडाखाली एक.

१.२ मीटरपेक्षा लहान माणूस नसतो, असं मी यंत्राला सांगून ठेवलं होतं.

२० मार्च, शुक्रवार

मॉसीकडे गेले. स्वयंपाकघरात पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जळत होतं, टेबलावर ब्रश आणि पत्र्याची बादली. त्याने चहा ओतला. मी प्यायले नाही.

"तुम्ही ते धुतले," मी म्हटलं.

"तूच म्हणालीस ना, वरचं स्वच्छ असलं की नीट दिसतं म्हणून. मग दिसले का?"

"कोण आहेत ते?"

त्याने विस्तवात पीटचा एक तुकडा टाकला. मग म्हणाला, "आईने सांगितलं होतं, हाऊसचं नाव बाहेर काढायचं नाही. लोक डाग लावतात. पण तू लिहून घेतेयस म्हटल्यावर वाटलं, लिहिलं म्हणजे सांगितलं नव्हे."

त्याची आई डिलिया अकरा वर्षांची असताना आत गेली, धुण्यावर लागली. धाकटा भाऊ जेमसी तीन वर्षांचा. खोकल्याने गेला. मोठ्यांसाठी निदान लाकडी फळी लागायची, पोरांसाठी तीही नाही. मग धुणाऱ्या बायकांनी रीत पाडली. पोर गेलं की नदीवरून परतताना कुणीतरी एक पांढरा दगड ओच्यात लपवून आणायचा. देखरेख करणाऱ्या मेट्रनला दिसायचा नाही असा, मुठीएवढाच.

"तुमचा जेमसी कुठला?"

"चौथी ओळ. तिसरा."

सत्तावीस. बाकीच्यांना नावं होती, ती त्या बायकांबरोबर गेली, असं तो म्हणाला.

मग सांगणं भागच होतं. "मी लिहिलंय की दगड अलीकडे मुद्दाम ठेवलेत."

"कुणी ठेवलेत?"

"नाव घातलं नाही. पण क्रीडींना कळलंय."

"म्हणजे मी लबाड, असं कागदावर आहे."

"हो."

"आणि ते? ते नाहीतच, असं?"

"हो."

त्याने माझा गार झालेला चहा उचलून मोरीत ओतला, कप विसळला, पालथा घातला. सगळं सावकाश.

"शंभर वर्षांत कुणी एक ओळ लिहिली नव्हती," तो म्हणाला. "आणि लिहिली ती ही."

मी अहवाल मागे घेते, असं म्हटलं. तो दारापर्यंत आला मात्र.

२३ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार नवा अहवाल लिहिला. सकाळी कौन्सिलला पाठवला, प्रत राष्ट्रीय स्मारकांच्या खात्याला. जुना अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी आहे, हे पहिल्याच वाक्यात.

क्रीडींचा फोन दहाच मिनिटांत.

"म्हाताऱ्याने चहा पाजून फिरवलं वाटतं तुम्हाला."

"चहा मी प्यायले नाही."

"गुरुवारी यंत्रं येतायत, बाई. म्हणजे तुम्हाला तुमचं काम येत नाही, असं समजू का मी?"

"पहिल्या वेळी आलं नाही. तसं लिहून दिलंय, पान एक."

फोन ठेवून पान एक पुन्हा वाचलं.

साहेबांचाही फोन आला. कंपनीचं नाव खराब झालं, शुक्रवारपर्यंत परत ये, मग बोलू. बोलू म्हणजे काय, ते मला कळतं.

फिलोमिनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्यावर संशय घेतला होता, हे सोडून. त्या भांडी पुसत राहिल्या. बशी कोरडी झाली तरी पुसत होत्या.

"पोरं?" एवढंच म्हणाल्या. "सगळी पोरंच?"

२६ मार्च, गुरुवार

खात्याचं पत्र काल संध्याकाळी आलं. पुढच्या तपासणीपर्यंत खालच्या कुरणात फावडंसुद्धा लावायचं नाही. तपासणी दुसरं कुणी करेल, पण माझा नकाशा आधार धरतील. आज सकाळी पिवळं यंत्र फाटकापर्यंत येऊन तसंच उभं राहिलं. ड्रायव्हर आत बसून सँडविच खात होता.

पत्रात एक परवानगी मी मागून घेतली होती: हलवलेल्या वस्तू मूळ जागी ठेवण्याची.

नऊ वाजता टोटल स्टेशन लावलं. मॉसीने गुडघ्यांखाली पोतं घेतलं. दगडावरचा क्रमांक तो वाचायचा, जागा मी सांगायची.

"डावीकडे चार."

"चार काय? बोटं?"

"सेंटिमीटर."

"दोन बोटं म्हण की."

पहिली ओळ बसेपर्यंत तो माझ्याशी एवढंच बोलला. दुसऱ्या ओळीत म्हणाला, "डोळ्याला लावून लावून डोळा जाईल तुझा, इंजिनिअरबाई. जरा बस." मी बसले नाही. सत्तावीस नंबरला मी आकडा सांगितला नाही. त्याला लागत नव्हता. नंतर तपासलं, एक सेंटिमीटरचाही फरक नव्हता.

साडेदहाच्या सुमाराला फिलोमिनाबाई भिंतीशी आल्या. चर्चला जायचा कोट, पायांत रबरी बूट. मॉसीने त्यांना पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"आत आलात तर खांब धरा," मी म्हटलं. दुर्बिणीने ज्यावर नेम धरायचा तो आरशाचा खांब धरायला खरोखरच माणूस हवा होता. त्या आल्या. खांब सरळ धरतात, शिकवावं लागलं नाही.

एकसष्ट दगड झाले आणि बादल्या रिकाम्या झाल्या. पण मूळ मोजमापात खुणा बासष्ट आहेत. शेवटच्या ओळीच्या टोकाला एक आहे, पंचावन्न सेंटिमीटर, वर दगड नाही. ट्रॅक्टरने उडवला असेल किंवा कधी ठेवलाच नसेल. मी ते दोघांना सांगितलं. हेही सांगितलं, की जो दगड मी उचलला नाही तो मी ठेवू शकत नाही. नियम आहे.

मॉसी पोत्यावरून उठला नाही.

फिलोमिनाबाईंनी खांब माझ्या हातात दिला. "माझ्या आजीला एक बहीण होती म्हणे," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "घरात तिचं नाव काढायचं नाही, असं होतं." आणि नदीच्या उतारावरून खाली गेल्या.

वीस मिनिटांनी आल्या, कोटाचा ओचा दोन्ही हातांनी धरून, बूट पाण्याने भरलेले. मॉसीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पोतं सरकवून जागा करून दिली.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे तीन. थोडं खाली. बास."

नोंद: दगड क्र. ६२. वेळ ११:४०. ठेवणार फिलोमिना स्कॅहिल. अलीकडे आणि हेतुपुरस्सर ठेवलेला.